तोटी दिसते, नळ दिसत नाही

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात जे घडले त्याची चर्चा इतक्यात थांबू नये असे मला वाटते. नर्मदेच्या पाण्याच्या मुख्य नळाला गळती लागली. त्याच जागी वर पोलीस चौकीचे शौचालय उभे होते. मैला पिण्याच्या पाण्यात शिरला, शेकडो माणसे आजारी पडली आणि कित्येकांचे प्राण गेले. मृतांच्या आकड्यावरून वाद झाला, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१७ पासून वर्षामागून वर्षे स्वच्छतेचा पहिला मान मिळवणाऱ्या शहरावर हा प्रसंग यावा, याचे दुःख जितके मोठे तितकेच त्यातून निघणारे प्रश्नही मोठे आहेत.

दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. मला येथे दुसऱ्याच एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आपण मराठीत ‘नळ आला’ म्हणतो तेव्हा तोटीतून पाणी आले एवढाच अर्थ मनात असतो. वास्तविक नळ म्हणजे ती सारी लांबलचक नळी. तोटी हे तिचे केवळ शेवटचे टोक. परंतु डोळ्यांना टोकच दिसते. आपल्या घरात येणारा नळ कशाचा आहे, किती वर्षांचा आहे, तो गटाराच्या वरून येतो की खालून, हे विचारले तर सुशिक्षित गृहस्थही निरुत्तर होतो.

पाण्याच्या बाबतीत आपले शहर थराथरांनी वाढले आहे. पॅट्रिक गेडिस १९१७ साली होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून येथे आले तेव्हा शहर प्लेगने गांजलेले होते. दिवाळीत त्यांनी अस्वच्छतेच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची मिरवणूक काढली, ती कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण १९१८ च्या त्यांच्या दोन खंडी अहवालात पाणी, सांडपाणी आणि नदी यांचा किती बारकाईने विचार केला आहे, हे क्वचितच कोणी सांगतो. पुढे १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. १९७८ मध्ये सुमारे ७० किलोमीटरांवरून, घाट चढवून, नर्मदा शहरात आली. प्रत्येक वेळी नवे नळ पडले, परंतु जुने सगळेच उखडले गेले असे नाही. राजवाडा, जुने इंदूर, रामबाग अशा वस्त्यांतील एखाद्या जुन्या घरात म्हणूनच दोन-तीन पिढ्यांचे नळ एकमेकांना जोडलेले आढळतात.

ते ओळखणे फारसे अवघड नाही. एक लोहचुंबक आणि एक जुनी किल्ली एवढी सामग्री पुरे. जाड, काळसर, खरबरीत आणि एका टोकाला तोंड रुंदावलेला नळ असेल, व दुसरा नळ त्या तोंडात बसवून सांधा सुतळी आणि शिसे ठोकून भरलेला असेल, तर तो बिडाचा. मोठ्या वाहिन्या आणि वाड्यांच्या मागचे सांडपाण्याचे उभे नळ पुष्कळदा असे असतात. बारीक, राखाडी, टोकाला आटे पाडून जोडलेला आणि चुंबक धरणारा तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ. भाजक्या मातीचा, आतबाहेर चकचकीत झिलई असलेला तपकिरी नळ दिसला तर तो सांडपाण्याचा समजावा. चुंबक धरत नाही, किल्लीने खरवडताच चांदीसारखी लकाकी येते, आणि ठोकले तर खणखणत नाही, असा मऊ नळ दिसला तर तो शिशाचा असण्याचा संभव आहे. तो विलंब न लावता बदलावा. शिशाची अमुक मात्रा निर्धोक असे वैद्यकशास्त्र मानीत नाही. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलताना नळ न झिजण्याची तजवीज केली गेली नाही, तेव्हा जुन्या नळांतील शिसे घराघरांत पोचले. प्लॅस्टिकचे नळ गंजत नाहीत हे खरे, पण त्यांच्या घडणीतही शिशाची संयुगे वापरीत असत. ती बंद करण्यासाठी आपल्या सरकारला २०२१ मध्ये नियम करावे लागले.

जुन्या शहरात सर्वांत अधिक गाठ पडते ती जस्ती नळाशी. चाळीस-पन्नास वर्षांत त्याचे जस्त झिजते, आत गंजाच्या गाठी धरतात आणि अर्ध्या इंचाच्या नळातून पेन्सिलीएवढीच वाट उरते. सकाळचे पहिले पाणी तांबूस येते ते यामुळे. हा गंज स्वतः विषारी नव्हे. पण त्याच्या खाचाखोचांत जंतूंना आसरा मिळतो आणि पाण्यातले क्लोरीन तेथे खर्ची पडते. शिवाय जो नळ आतून गंजतो तो मातीत बाहेरूनही गंजतो, आणि एखाद्या दिवशी त्याला बारीक भोक पडते.

त्या भोकातून पाणी बाहेर येते तोवर नुकसान पाण्याचे. खरा धोका पाणी बंद झाल्यावर सुरू होतो. आपल्याकडे चोवीस तास पाणी नसते; बहुतेक भागांत एक दिवसाआड येते. पाणी थांबले की नळातील दाब नाहीसा होतो, आणि सभोवतालच्या मातीत मुरलेले गटाराचे पाणी त्याच भोकातून आत जाते. पुढच्या पाळीला ते थेट माठात पोचते. कोणी नळाला सरळ मोटार लावली की हे शोषण आणखी वाढते. आपण मोटार लावतो ती शेजाऱ्याच्या आधी पाणी मिळावे म्हणून. प्रत्यक्षात आपण साऱ्या गल्लीसाठी गटार ओढून घेतो.

यावर घरापुरता उपाय सांगता येतो. नळ गटारातून किंवा चेंबरजवळून जात असेल तर तो आधी वर घ्यावा. मोटार हौदावर लावावी, नळावर नव्हे. पाण्याला वास आला, चव फिरली किंवा एका घरात दोघे एकदम आजारी पडले, तर पाणी उकळावे आणि शेजाऱ्यांना विचारून तक्रार एकट्याने न करता गल्लीने मिळून लेखी करावी. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. तोटीच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे असे आपले मानक सांगते, आणि ते तपासायला दोन मिनिटे लागतात.

मात्र घराच्या उंबऱ्याबाहेरचा नळ गृहस्थाच्या हाती नाही. तेथे नगरपालिकेकडून मागायच्या गोष्टी मला दोनच दिसतात. प्रत्येक वॉर्डाच्या कचेरीत पाण्याचे नळ आणि मैल्याचे नळ एकाच नकाशावर, त्यांच्या वयासह, कोणालाही पाहता येतील असे टांगावेत. आणि कोणताही रस्ता सिमेंटचा करण्यापूर्वी त्याखालचे नळ तपासून बदलावेत. कारण सिमेंट पडल्यावर पुढची पंचवीस वर्षे तो रस्ता खणायला कोणी राजी नसतो. उद्या आपल्या गल्लीत रस्त्याचे काम निघाले, तर मजुरांनी पहिली पहार मारण्याआधीच हा नकाशा दाखवा, असे वाचकांनी अवश्य म्हणावे.