पालम ते मुंबई : अंतर तेच, वेळ मात्र अनिश्चित

नांदेड आणि मुंबई ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसली आहेत. त्यांच्यातील हवाई अंतर सुमारे 470 किलोमीटर. लहान विमानालाही ते कापण्यास दीड तास पुरतो. लोहमार्ग मात्र मनमाडचा वळसा घेत 600 किलोमीटरच्या पुढे जातो आणि तपोवन एक्स्प्रेस त्यासाठी सुमारे बारा तास घेते. वरकरणी विमानाचा विजय निर्विवाद वाटतो. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावातून हा हिशेब मांडला, की चित्र बदलते.

पालमला विमानतळ नाही आणि रेल्वेस्थानकही नाही. लोहामार्गे नांदेड गाठण्यास दीड तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचा तास-दीड तास, प्रत्यक्ष उड्डाण आणि मुंबईत उतरल्यावर इच्छित स्थळापर्यंतचा प्रवास, असे सारे मिळून सहा तास होतात. परळच्या रुग्णालयात उपचारासाठी निघालेल्या रुग्णाला ही बचतही मोलाची आहे. अट एकच, त्या दिवशी विमान असले पाहिजे.

नेमकी हीच अट आजवर पाळली गेलेली नाही. गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने 2008 मध्ये नांदेडच्या विमानतळाचा कायापालट झाला. त्यानंतर सुरू झालेली सेवा टिकली नाही. ‘उडान’ योजनेखाली एप्रिल 2017 मध्ये ट्रूजेटने हैदराबादसाठी उड्डाण केले, पुढे मुंबईही जोडली गेली. 2022 मध्ये ती कंपनीच थंडावली. मार्च 2024 च्या अखेरीस स्टार एअरने बंगळुरू आणि दिल्लीनजीकच्या हिंडनसाठी सेवा सुरू केली, तेव्हा मधली सुमारे दोन वर्षे वाया गेली होती.

याचे कारण योजनेच्या रचनेत आहे. ‘उडान’चे अर्थसाहाय्य एका मार्गाला तीन वर्षांपुरतेच मिळते. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा. परंतु सेवा बेभरवशाची असेल तर प्रवासी तिची सवय लावून घेत नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून सेवा बंद पडते. विमान नसेल तेव्हा पालमच्या प्रवाशाला छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. या रस्त्यातच चार-पाच तास जातात व विमानाचा लाभ जवळजवळ संपतो.

रेल्वेने दरम्यान एक पाऊल टाकले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. परभणीला थांबणारी ही गाडी नांदेड-मुंबई अंतर सुमारे साडेनऊ तासांत कापते. मात्र ती पहाटे सुटत असल्याने पालमकरांना मध्यरात्रीनंतर घर सोडावे लागते.

उद्घाटनांच्या संख्येवरून हवाई जोडणीचे यश मोजणे आता थांबवावयास हवे. वर्षातील किती दिवस विमान खरोखर उडाले आणि त्याच्या वेळेला जोडून तालुक्यांतून एस.टी. होती काय, हे खरे निकष आहेत. शहरांमधील अंतर भूगोल ठरवितो. ते ओलांडण्यास लागणारा वेळ मात्र धोरण ठरविते.