मापन पुस्तिका आणि हजेरीपट

शासकीय इमारतीच्या अंदाजपत्रकात विद्युतकामाची पाने सहसा शेवटी येतात आणि ती बारकाईने वाचणारे अधिकारी थोडे असतात. मीही त्यांपैकी नव्हतो. महाराष्ट्राबाहेरील एका राज्यात सेवेत असताना एका मोठ्या रुग्णालयाच्या बांधकामाची देखरेख माझ्याकडे आली. त्या पानांवर तारांसाठीच्या पोलादी कंड्यूट नळ्यांच्या चार-पाच ओळी होत्या: व्यास, मीटर, दर, रक्कम. बेरीज बरोबर होती. मी सही केली.

उद्घाटनाची तारीख तोंडावर आली तेव्हा शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या मार्गिकेत तारा नळीतून पुढे सरकेनात. नवे कोरे फॉल्स सीलिंग उतरवावे लागले. वर पाहिले तर नळ्यांची वळणे चेपलेली, कापलेल्या कडा न घासलेल्या, आणि दोन सॅडलमधील अंतर कुठे दोन मीटर, तर कुठे त्याहून अधिक. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार हे अंतर १ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि कपलर किंवा वळणाच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटीमीटरवर सॅडल हवे. कंत्राटदाराला नोटीस गेली, कनिष्ठ अभियंत्याकडून खुलासा मागवला गेला. प्रशासनाला जे करता येते ते सर्व झाले.

खरे कारण मला एका वयस्क वायरमनने सांगितले. त्याच्या आधी तेथे वातानुकूलनाची पत्र्याची नळकांडी आणि अग्निशमनाचे पाईप येऊन बसले होते. दर काही पावलांवर त्यांना वळसा घालावा लागे, परांची हलवावी लागे, आणि दिवसा दुसऱ्या कंत्राटदाराची माणसे असल्यामुळे हे काम रात्री करावे लागे. त्याचा एक सहकारी अशाच एका रात्री परांचीवरून पडून पायाचे हाड मोडून घेता झाला होता. माझ्यापर्यंत आलेल्या एकाही अहवालात ही गोष्ट नव्हती.

मग मी ते पान पुन्हा वाचले. दरसूचीतील प्रत्येक दरामागे पृथक्करण असते: साहित्य इतके, वायरमन आणि मदतनीस यांचे दिवस इतके, त्यावर कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च. मनुष्यतास तेथे असतात, पण रुपयांत विरघळलेले. अंदाजपत्रकात येतो तो केवळ दर. दिल्लीबाहेरच्या शहरासाठी खर्च निर्देशांक लावतात. दीर्घ मुदतीच्या कंत्राटात १०सीसी कलमाने मजुरीतील वाढ भरून देतात. या दोन्ही तरतुदी किमती हलवतात, तास हलवत नाहीत. मार्गिका मोकळी असो वा गच्च, छत तीन मीटरवर असो वा सहा मीटरवर, गृहीत धरलेली मेहनत तीच.

लहान कामात याने फारसे बिघडत नाही. मोठ्या कामात बिघडते, आणि ते कसे हे एका हिशेबाने दाखवतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, मोकळ्या भिंतीवर वायरमन व मदतनीस यांची जोडी दिवसाला ४० मीटर नळी बसवते. १२,००० मीटरला ३०० जोडी-दिवस लागतील. दहा जोड्या लावल्यास महिनाभर. आता यांतील ४,००० मीटर उंच आणि अडचणीच्या जागी असून तेथे वेग १० मीटरवर आला, तर त्या तुकड्यालाच ४०० दिवस लागतात, उरलेल्याला २००. एक तृतीयांश लांबीने संपूर्ण कामाचा काळ दुप्पट केला. शिवाय व्यास वाढला की नळी जड होते. ३२ मिलिमीटरच्या पुढे पत्र्याची जाडी १.६ ऐवजी किमान २ मिलिमीटर लागते, वाकवायला यंत्र आणि उचलायला दुसरा माणूस लागतो. स्लॅबमध्ये नळी टाकायची असेल, तर सळया बांधून होईपर्यंत वायरमन बसून राहतो आणि काँक्रीट येण्याआधी त्याला धावपळ करावी लागते. बसून राहिल्याचे तास कोणाच्या खात्यात टाकायचे?

अभियंता मित्र म्हणतात की दर हा सरासरीचा असतो, कुठे तोटा तर कुठे फायदा, आणि जोखीम कंत्राटदाराची. हे मला पटत नाही. किमान निविदा भरणारा कंत्राटदार नळीची किंमत कमी करू शकत नाही. तो तास कमी करतो. ते तास मग एखाद्या मजुराच्या रात्रीतून किंवा न बसवलेल्या सॅडलमधून निघतात. जोखीम शेवटी वायरमनकडे आणि रुग्णाकडे जाते.

अमेरिकेतील विद्युत कंत्राटदारांची राष्ट्रीय संघटना मनुष्यतासांची जी पुस्तिका काढते, तिच्यात प्रत्येक कामापुढे साधी, कठीण आणि अतिकठीण परिस्थिती असे तीन रकाने असतात. ते आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. हत्यारे वेगळी, टोळ्यांची रचना वेगळी. आपले आकडे आपल्यालाच काढावे लागतील, आणि त्यासाठी समितीची गरज नाही. प्रत्येक मोठ्या कामावर दोन वह्या आधीच असतात. मापन पुस्तिकेत किती मीटर झाले ते लिहिलेले असते, हजेरीपटात किती माणसे किती दिवस आली ते. पहिली अभियंत्याच्या कपाटात, दुसरी कंत्राटदाराच्या. कामगार निरीक्षक दुसरी पाहतो, लेखापरीक्षक पहिली. एकीला दुसरीने भागण्याचे काम कोणाचेच नाही.

पुढच्या इमारतीच्या वेळी मी कार्यकारी अभियंत्यांना एवढेच सांगितले की आराखड्यावर अडचणीच्या मार्गिका लाल रंगाने दाखवा, त्यांची लांबी वेगळ्या बाबीत घ्या, तिचे मनुष्यतास वेगळे मांडा, आणि दर पंधरवड्याला दोन्ही वह्या एका टेबलावर आणा. त्यांनी कुरकुर केली, पण उंचीचा आणखी एक रकाना स्वतःहून वाढवला. अंदाजपत्रक अर्थातच फुगले. वित्त विभागाने विचारले की हे रकाने कोणत्या विहित नमुन्यात आहेत. कोणत्याही नाहीत, असे मी लिहिले. फाइल आणखी दोन शेरे घेऊन तीन आठवड्यांनी मंजूर होऊन आली.