कारण लिहा

यंदाचा अंक आम्ही माजी सैनिकांच्या मनाच्या आजारांसाठी राखला आहे. सणाच्या अंकाला हा कसला विषय, असं काही जुन्या वाचकांना वाटेल. पण सातारा-कोल्हापूरकडच्या किती तरी घरांत दिवाळीला रजेवर येणाऱ्या पोराची वाट पाहतात, आणि त्यांतल्या एखाद्या घरी तो ‘बोर्ड आऊट’ होऊन, म्हणजे लष्कराच्या मेडिकल बोर्डाने आजारामुळे सेवेतून काढल्यावर, कायमचाच येतो. डोक्यावर परिणाम झालाय, अशी भावकीत कुजबुज सुरू होते. पाय गमावलेल्या जवानाचा गावात सत्कार होतो. याला आधी देवऋष्याकडे नेतात. वकिलाचं दार दिसेपर्यंत बरीच वर्षं निघून गेलेली असतात.

सगळं अडतं ते मेडिकल बोर्डाच्या एका छापील तक्त्यावर. आजार भरतीच्या आधीपासून होता का? नाही. लष्करी सेवेमुळे उद्भवला का? नाही. सेवेमुळे बळावला का? नाही. मग झाला कशाने? तर मूळ प्रकृतीतलाच आजार. एवढ्या शेऱ्यावर डिसॲबिलिटी पेन्शन नाकारली जाते. भरतीच्या वेळी लष्कराच्याच डॉक्टरांनी ज्याला तपासून धडधाकट ठरवलं, त्याच्या प्रकृतीत हा आजार मुळातच होता हे पुढे कशावरून कळलं, ते त्या कागदावर बहुतेकदा नसतंच.

कायदा जवानाच्या विरोधात नव्हता. १९८२ च्या नियमांत स्पष्ट होतं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो ठणठणीत होता असं धरायचं, पुराव्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही, आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यायचा. जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच महिन्यात स्किझोफ्रेनियाचं निदान झालेल्या एका जवानाच्या खटल्याचा निकाल लागला. १९७२ ला भरती, १९७७ ला घरी. छत्तीस वर्षांनी त्याच्या पदरात काय पडलं, तर पुन्हा नवं बोर्ड बसवण्याचा आदेश! आणि मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या खटल्यात, कारणं न देता मांडलेलं बोर्डाचं मत टिकत नाही, हे न्यायालयाला परत सांगावं लागलं.

सरकारची अडचण आम्हाला कळते. मनाच्या आजाराला आनुवंशिकता असते, घरचे ताण असतात. सगळं खापर सेवेवर फोडता येत नाही, आणि खोटे दावेही होत असतील. मान्य. पण मग तसं लिहा ना! या माणसाच्या बाबतीत असं का वाटलं, कुठली नोकरी, कुठली चौकी, किती काळ, कधी बिघडलं, हे चार ओळींत मांडायला हरकत कसली? २०२३ मध्ये नवे नियम आले. नियम कुठलेही असोत, ज्याचं मनच थाऱ्यावर नाही त्याने मुदतीत अपील करावं, तारखा लक्षात ठेवाव्यात ही अपेक्षा क्रूर आहे. त्यातूनही तो सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकला, तर सरकारने पुन्हा वर धाव घेऊ नये, एवढी आमची मागणी आहे.

ज्यांच्या घरी असं प्रकरण असेल त्यांनी मेडिकल बोर्डाच्या कामकाजाची प्रत मागून घ्यावी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवावी आणि त्यात कारण लिहिलंय का ते आधी पाहावं. नसेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.