साहेबांनी न सांगता यावे

शाळेत साहेब येणार असले की आदल्या दिवशी आमचा अभ्यास बंद असतो. मुले पटांगण झाडतात, मुली सडा-रांगोळी करतात. नवे तक्ते लागतात. मागच्या वेळी बाईंनी आमच्याकडून १७ चा पाढा पाठ करून घेतला आणि साहेबांनी १९ चा विचारला!

आमच्या टाकीचा नळ दिवाळीपासून मोडला आहे. त्या दिवशी त्याला गोणपाट गुंडाळला आणि पुढे दोन घागरी भरून ठेवल्या. साहेब पाणी प्याले, गार आहे म्हणाले. ते गेल्यावर घागरी ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या आणि आम्ही परत शेजारच्या आजींकडे पाणी प्यायला गेलो. त्या कधी कधी रागावतात.

मी बाईंना विचारले, नळाचे का नाही सांगितले? बाई म्हणाल्या, "अगं, साहेबांपुढं रडगाणं गायलं तर ते म्हणतात, मग तुम्ही काय करता?"

आमच्या शाळेला मुख्याध्यापकाचे पद नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० हून जास्त मुले असली तर ते मिळते. आम्ही ४१. म्हणून गुरुजीच शिकवतात आणि कारभारही बघतात. त्यांच्या वर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. मला ही आजीच्या उतरंडीसारखी वाटते. खालच्या मडक्यात काय आहे ते वरच्याला दिसत नाही.

गुरुजींनी शिकवले की १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, गावाचा कारभार गावाजवळ यावा म्हणून. मग आमचा नळ एवढा लांब कसा राहिला?

त्याच २००९ च्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात १०० त ७५ पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत. माझी आई आहे. ती म्हणते, "मला सहीपुरतं बोलावत्यात." मी म्हटले, पुढच्या बैठकीत नळाचे बोल. आई म्हणाली, "बगू."

साहेब वाईट नाहीत. माझी वही बघून त्यांनी शाबास म्हटले. पण मला वाटते, त्यांनी न सांगता यावे. गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेलेले असतात आणि बाई एकट्या चार वर्ग सांभाळतात, त्या दिवशी यावे. पहिलीच्या पोरांत बसावे. सगळे ठीक आहे ना, असे विचारू नये. त्याला सगळे हो म्हणतात, मीपण म्हटले. काय मोडले आहे ते विचारावे आणि सांगणाऱ्याला रागावू नये.

हा लेख मी बाईंना दाखवला. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, शुद्धलेखन नीट कर आणि लाव. म्हणून लावला.

— इयत्ता ४ थी