पाटीच्या जागी पडदा

शाळेला देणगी द्यावयाची म्हटली की आपल्या जुन्या घराण्यांतून पूर्वी एखादी खोली बांधून दिली जाई, पाण्याची टाकी दिली जाई, कपाटभर पुस्तके दिली जात. आता स्मार्ट टीव्ही दिला जातो. खाली वडिलांच्या नावाची पाटी. देणाऱ्याच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप त्या वस्तूलाही नाही. ती ज्या वर्गाच्या भिंतीवर चढते आहे, त्याविषयी आहे. कोहिनूर परिसरात आणि बसवकल्याण, भालकी, औराद, आळंद या तालुक्यांत जी मराठी शाळा अजून तग धरून आहे, तिच्या पहिली ते तिसरीच्या वर्गांत या पडद्याचे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागातले सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते रिकाम्या डोक्याने येत नाही. आजीला ते 'अज्जी' म्हणते, गल्लीतल्या सवंगड्याशी दखनीत भांडते, बाजारात कन्नड ऐकते आणि घरी मराठी बोलते. तीही पुण्याची नव्हे, येथली. 2015 च्या कायद्यानंतर कन्नड पहिलीपासून अनिवार्य झाले, इंग्रजी आधीच आलेली होती. म्हणजे देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या या लेकराच्या पुढ्यात जवळजवळ एकदमच येतात. हा भार पेलता येतो. पण मूल जे बोलले ते ऐकून, तेथून त्याचे बोट धरून पुढे नेणारे माणूस समोर असेल तरच. पडदा बोलतो, ऐकत नाही. ऐकणारी यंत्रेही आता निघाली आहेत म्हणतात. 'अज्जी'चा अर्थ त्यांना उमगला, तरी तो शब्द ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू ती कोठून आणणार?

अक्षर हे डोळ्याने शिकण्याआधी हाताने शिकावयाचे असते, हे आपल्याकडे धुळाक्षरे गिरविणाऱ्या पिढ्यांना कोणी सांगावे लागले नाही. अमेरिकेत करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी 2012 साली अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसले. मुलाने स्वतः हाताने काढलेले अक्षर पाहताना मेंदूतील जे भाग जागे झाले, ते वाचनाशी निगडित होते. कळ दाबून उमटविलेल्या अक्षराने तसे झाले नाही. वेडेवाकडे 'ळ' काढण्यात मुलाचा जो वेळ 'वाया' जातो, तेच त्याचे शिक्षण होय. पडदा तो वेळ वाचवितो. हीच त्याची अडचण आहे.

यंत्रांचा प्रयोग आपल्या मराठी मुलखात नवा नाही. 2007 साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील लहानशा शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. वाडीवरच्या मुलांच्या हातांत हिरवे-पांढरे लॅपटॉप पाहून सर्वांनाच हर्ष झाला होता. हीच योजना पेरू देशाने लाखोंच्या संख्येने राबविली. 2012 मध्ये तिचे मूल्यमापन झाले तेव्हा गणितात वा भाषेत मुलांची काही प्रगती आढळली नाही. प्रारंभी हौसेने बालशाळेत पडदे आणणाऱ्या स्वीडनने 2023 पासून पुन्हा छापील पुस्तकांकडे मोर्चा वळविला आहे. श्रीमंतांनी टाकून दिलेली फॅशन आपण स्मरणार्थ देणगी म्हणून स्वीकारावी काय?

येथे कोणी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे नाव घेईल, आणि घ्यावेच. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि 2020 साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळविले. दहा लक्ष डॉलरच्या बक्षिसातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. परंतु त्या पुरस्काराच्या नावात 'टीचर' आहे, 'टीव्ही' नाही. तेथे आधी शिक्षक होता, मग यंत्र आले. आपण उलट क्रमाने निघालो आहोत. शिवाय महाराष्ट्राचे डिजिटल पाठ बालभारतीच्या पुस्तकांना जोडलेले आहेत. आपली मराठी माध्यमाची मुले कर्नाटकाची पाठ्यपुस्तके वाचतात. मुलाच्या हातातले पुस्तक एक आणि भिंतीवरचा धडा दुसराच, असा हा संसार आहे.

टाळेबंदीच्या वर्षीचे एक उदाहरण पुरे आहे. जून 2020 मध्ये कर्नाटक सरकारने पाचवीपर्यंतचे ऑनलाइन वर्ग बंद केले. जुलैत उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. आदेश कायद्यात टिकला नाही हे खरे. पण एवढ्या लहान मुलांसाठी हे साधन योग्य आहे काय, हा त्यामागचा प्रश्न न्यायालयाने निकालात काढला असे नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'विद्यागम' सुरू झाले. शिक्षक वस्तीत, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली जाऊन बसले. साथीमुळे ऑक्टोबरात ते थांबवावे लागले, तरी मुलांपर्यंत पोहोचले ते माणूसच.

बालशिक्षणात मराठी परंपरा काय होती, हेही आपण विसरलो आहोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात माँटेसोरीची महागडी साधने बाजूस ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. मुले गुरे राखावयास जात म्हणून शाळाच कुरणात नेली. आपल्याकडे तुरीचे दाणे आहेत, करडई आहे, ज्वारीची ताटे आहेत. मोजावयास आणखी काय हवे?

1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. त्याच वर्षी राज्यघटनेत 350-क हे कलम आले आणि अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर आले. त्या सोयीचा अर्थ मराठी शिक्षक असा होता. निजामी राजवटीत वरचे शिक्षण उर्दूत असताना मराठी टिकली ती घराघरांतील माणसांच्या तोंडी. उद्या मराठी शिक्षकाची जागा रिकामी राहिली आणि 'वर्गात मराठी व्हिडिओ आहेत ना' असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर आपणच आपल्या पैशाने भिंतीवर टांगून ठेवलेले असेल. माझी खरी भीती ही आहे.

द्यावयाचेच असेल तर शिक्षकाच्या हाती एक साधा ध्वनिमुद्रक द्यावा. गावातल्या म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या, आरत्या, कहाण्या त्यात येऊ द्याव्यात आणि वर्गात ऐकविल्या जाव्यात. यंत्राचा हा उपयोग मला मान्य आहे. त्याखेरीज मोठ्या टायपातली गोष्टींची पुस्तके, पाट्या, खडू, आणि सरकारी जागा भरेपर्यंत एका मराठी शिक्षिकेचे वर्षभराचे मानधन. धनादेश लिहिण्यापूर्वी पहिलीच्या बाईंना एकदा विचारावे की त्यांना काय हवे आहे. हा प्रश्न त्यांना आजवर फारसा कोणी विचारलेला नाही.