आमच्या स्वयंपाकघरातले 'फाइव्ह एस'

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मित्रांनी विषय सुचवले: भ्रष्टाचार, मोबाईलचे दुष्परिणाम, आणि अर्थातच प्रेम! मी मात्र स्वयंपाकघरातल्या पसाऱ्यावर लिहिणार आहे. मुलगा असून! ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आणखी एक, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात आईच्या खांद्यावर पिठाचा डबा पडला. साधा डबा नव्हे, तेलाचा पत्र्याचा असतो ना, पंधरा किलोवाला, तो. स्टुलावर चढून वरच्या फळीवरून काढताना तिचा तोल गेला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण तीन आठवडे तिचा उजवा हात वर जात नव्हता, आणि त्या तीन आठवड्यांत आम्हा बापलेकांना घरात चहाची पूडसुद्धा सापडत नव्हती.

आमचं घर सास्तूरच्या बाजूला, लोहारा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आमचं जुनं घर गेलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. तेच लोकांच्या अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबाने: २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फूट. आमची जमीन एक हेक्टरच्या आत, म्हणून २५०. घरात खाणारी तोंडं किती, भांडी किती, वर्षाची ज्वारी कुठे ठेवायची, हे त्या हिशोबात नव्हतं. एवढ्या मोठ्या संकटात एवढी घरं उभी राहिली ही मोठीच गोष्ट, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या २५० मधलं आमचं स्वयंपाकघर आठ बाय सहा फुटांचं आहे. दोघं आत गेले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं!

त्याच सेमिस्टरला आम्हाला जपानी 'फाइव्ह एस' शिकवले होते. सेइरी म्हणजे नको ते काढा, सेइतोन म्हणजे उरलेलं जागच्या जागी लावा, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सू म्हणजे याची पद्धत बसवा आणि शित्सुके म्हणजे ती पद्धत मोडू नका. कारखान्यात नको असलेल्या वस्तूंना लाल चिठ्ठी लावतात. मला वाटलं, टोयोटाला जमतं ते आपल्याला आठ बाय सहात का जमू नये? आई दवाखान्यात गेलेली बघून मी सहा महिन्यांत न वापरलेल्या प्रत्येक वस्तूला लाल चिठ्ठी लावली. एकूण ६३ वस्तू! स्वतःवर फारच खूश होतो मी.

आई आली. ओरडली नाही. एका हाताने एकेक चिठ्ठी काढत गेली आणि कारण सांगत गेली. मोठं पातेलं आणि २४ ताटं? "येळवशीला शेतात माणसं जेवायला येतात, त्यांना काय पानावर वाढू?" (बाहेरच्यांसाठी: येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षात लातूर-धाराशिवकडे सगळं गाव शेतात जेवतं. भज्जी, उंडे, आंबील!) सहा घागरी आणि दोन ड्रम? "उन्हाळ्यात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेव्हा कशात भरू?" ज्वारीची कोठी? "एक साल पिकलं तर दोन साल पुरवावं लागतं, बाबा."

६३ पैकी २१ चिठ्ठ्या उरल्या. जळालेला मिक्सर, झाकणं नसलेले कुकर, दोन बंद पडलेले स्टोव्ह, आइस्क्रीमचे रिकामे डबे, आणि लग्नांत आहेर म्हणून आलेली, दुसऱ्यांची नावं कोरलेली पातळ भांडी. ती मात्र आईने आनंदाने मोडीत काढली. म्हणजे पसारा होताच, फक्त तो मला दिसत होता तिथे नव्हता.

आता माझी दुसरी चूक. ही जास्त मोठी.

टीव्हीवर दाखवतात तशा एकसारख्या पारदर्शक बरण्या मी आणल्या. सगळे जुने डबे रिकामे केले आणि बरण्यांवर लेबलं लावली, तीही इंग्रजीत! काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी आजीने पिठलं केलं आणि त्यात मिठाऐवजी पापडखार पडला. आम्ही सगळे हसलो. आजी हसली नाही. त्यानंतर दोन दिवस ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुम्हीच करा."

माझ्या आजीला वाचता येत नाही. हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पण बरण्या लावताना आठवलं नाही. तिच्यासाठी बोर्नव्हिटाचा डबा म्हणजे साखर, पोचे आलेला पितळी डबा म्हणजे मीठमसाल्यातल्या लवंगा-वेलदोडे, पिवळ्या झाकणाचा म्हणजे मीठ. मला जो गबाळेपणा वाटत होता, ती तिची लेबलं होती! तो पितळी डबा तर १९९३ मध्ये ढिगाऱ्यातून उकरून काढलेला आहे. त्यालासुद्धा मी लाल चिठ्ठी लावली होती.

तिसऱ्या दिवशी मी सगळे जुने डबे परत ठेवले. बरण्या हॉस्टेलवर आणल्यात, त्यात आता चिवडा असतो.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. एक सकाळ दारात वही घेऊन बसलो आणि नुसतं मोजलं. सहा ते साडेसात या वेळात आई ४१ वेळा जमिनीपर्यंत वाकली. निम्म्याहून जास्त वेळा पाण्यासाठी, कारण ड्रम खाली आणि तांब्या बुडवून पाणी घ्यायचं. म्हणजे खरा प्रश्न भांडी किती आहेत हा नव्हताच. रोज लागणारं जड सामान एकतर डोक्याच्या वर होतं नाहीतर पायाशी.

जगात हा विचार आधी झालेला आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीत 'फ्रँकफुर्ट किचन' तयार केलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनवरून सुचलेलं. पावलं मोजून, सगळं हाताशी. तशी सुमारे दहा हजार किचन तिथल्या नव्या वसाहतींत बसवली गेली. गंमत म्हणजे पुढे त्यांनीच सांगितलं की हे डिझाइन करण्यापूर्वी त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता! आणि त्या किचनवर टीका झाली ती हीच, की तिथे एकच बाई मावते, म्हणजे घरातले बाकीचे आपोआप मोकळे.

आमच्याकडे आम्ही एवढंच केलं: एका ड्रमला खाली नळ बसवला आणि त्याला वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतलं. पिठाचा डबा कमरेच्या उंचीवर आणला. येळवशीचं पातेलं आणि ताटं पोत्यात बांधून सगळ्यात वर, कारण ती वर्षातून एकदाच, आणि तीही मीच काढणार. स्टूल स्वयंपाकघरातून बाहेर. मोडीचे पैसे धरून खिशातून गेले साडेआठशे रुपये. परत मोजलं तेव्हा ४१ चे १६ झाले होते.

माझं म्हणणं इतकंच आहे. "वर्षभर वापरलं नाही ना, मग फेका" हा नियम ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं आणि ज्यांचं दुकान कोपऱ्यावर आहे त्यांचा आहे. आपल्याकडे साठवण ही हौस नाही. पण साठवणीच्या नावाखाली आईने स्टुलावर चढत राहायचं, हेही चालणार नाही. आणि जो तिथे राबत नाही त्याने तिथलं काही लावू नये, आधी राबावं. आपण उद्या घरं बांधू, मशिनं बनवू, कुणासाठी तरी जागा ठरवू. तेव्हा तिथे काम करणाऱ्याला विचारायची सवय आत्ता घरापासून नाही लागली, तर कधी लागणार?

तर मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की एक सकाळ वही घेऊन बसा. काही फेकू नका, काही आणू नका, नुसतं मोजा. नंतर उठून पाणी भरा!

आमची कोठी अजून दाराच्या आडच आहे. ज्वारी कमी झाली की सरकवायची ठरलंय. जागा कुठली, ते मात्र आजी सांगणार आहे.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)