मिनिटांतील कडता

कापसाच्या वजनात आडत्याने मनमानी कडता धरला तर आमचा शेतकरी तराजूशेजारीच उभा राहून भांडतो, आणि ते योग्यच आहे. पण तोच कापूस भैंशाच्या जिनात गेल्यावर तेथे राबणाऱ्या मजुराच्या वेळेत कोणी कडता धरला, तर त्याने कोणत्या तराजूपाशी भांडावे? सहाच्या पाळीला आठ मिनिटे उशिरा आलेल्याची हजेरी सव्वासहाची मांडावयाची, आणि सायंकाळी बारा मिनिटे अधिक थांबलेल्याची सुटी मात्र ठरल्या वेळेचीच लिहावयाची, ही रीत हिशेबाच्या सोयीची म्हणून सांगितली जाते. सोय आहे खरी. ती कोणाची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मजुरामागे रोज दहा मिनिटे अशी गळाली, तर २६ दिवसांत ४ तास २० मिनिटे होतात. पाच महिन्यांच्या हंगामात हा आकडा २१ तास ४० मिनिटांवर जातो. शंभर मजुरांच्या जिनात आठ तासांचा एक याप्रमाणे हे २७० रोज झाले. एवढी मजुरी कोणी उघडपणे बुडविली असती तर गावात गवगवा झाला असता. मिनिटामिनिटाने गेली की तिला कोणी बुडविणे म्हणत नाही.

वेळेचा हा झगडा जुना आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या काय होत्या? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. काम केव्हा सुरू होते व केव्हा संपते हे घड्याळाने ठरावे, मालकाच्या मर्जीने नव्हे, हे त्या अर्जाचे मर्म होते. खानदेशातील जिनांत त्या काळी बाया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत यंत्रापुढे बसत. आज आठ तासांची पाळी आपण गृहीत धरतो, पण ती कोणी दान दिलेली नाही.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याच्या नवव्या कलमाने सांगितले होते की, गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या प्रमाणाहून अधिक असता कामा नये. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले. अपवाद एकच: दहा अगर अधिक मजुरांनी संगनमताने, पूर्वसूचना न देता काम सोडले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येते. तेव्हा आठ मिनिटे उशीर झालेल्याची कपात आठच मिनिटांची. पंधरांची केली तर वरची सात मिनिटे कोणत्या आधारावर कापली, हे मालकाने सांगितले पाहिजे.

हिशेबात अपूर्णांक नकोत हे म्हणणे आम्हांसही समजते. पण ते काढून टाकण्याची न्याय्य रीत कायद्यानेच दाखविली होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजा मोजताना अर्धा दिवस वा अधिक असेल तर पूर्ण दिवस धरावा, कमी असेल तर सोडून द्यावा, असे होते. काटा दोन्हीकडे झुकू शकतो, म्हणून कोणाचे कायमचे नुकसान नाही. मजुरीच्या वेळेत तो नेहमी एकाच बाजूस झुकतो, तेथे आमची हरकत आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात जादा कामाचा १५ ते ३० मिनिटांचा अंश अर्धा तास धरावा असे सुचविले होते. अर्ध्या तासाखालचे काम जादा न धरण्याच्या पूर्वीच्या रीतीहून हे बरे. तथापि रोज चौदाच मिनिटे राबवून घेणाऱ्यास ही मर्यादा वाटच दाखविते. महिन्याच्या २६ दिवसांत ते ६ तास ४ मिनिटे फुकटचे काम झाले! आणि जादा कामाचा दर दुप्पट ठरलेला आहे, हे विसरू नये.

हजेरी वहीत लिहिली जात होती तेव्हा मिनिटे जुळविण्यास कारकुनाला वेळ लागे, ही सबब ऐकून घेण्याजोगी होती. आता बोट टेकताच यंत्र वेळ नोंदते. तेच यंत्र ती कापून दाखविते, कारण तसे त्याला सांगितलेले असते. हजेरीपटात खरी वेळ राहू द्यावी, आणि पूर्णांक करावयाचाच असेल तर शेवटच्या रकमेतील पैशांचा करावा.

आणखी एक. त्या १९३६ च्या कायद्याचा सारांश इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांच्या भाषेत कारखान्यात लावण्याचा दंडक होता. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावात त्या दंडकाचे मोल अधिक आहे. ज्या मजुराला मराठीच वाचता येते त्याच्या हाती पडणारा पगाराचा कागद मराठीत असावा, निदान तासांचा रकाना तरी त्याला वाचता यावा. तोवर मजुरांनी येण्याजाण्याची वेळ स्वतःच्या वहीत रोज टिपून ठेवावी, आणि पगाराच्या दिवशी ती वही हजेरीपटाशेजारी उघडावी. मालकांनी तिचा राग मानू नये.